खुर्चीसमोर कोण होतं?

गुरुवारी सकाळी शेगावात घराबाहेर पडायचं म्हणजे गर्दीतून वाट काढत जावं लागतं. स्टेशनवर गाड्या भरभरून माणसं उतरतात, ऑटोवाल्यांच्या हाका सुरू असतात, कचोरीच्या कढया केव्हाच्या तापलेल्या असतात आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, महाराजांच्या मंदिराकडे. लग्न होऊन मी या गावात आले त्याला आता तीस वर्षं होतील. आमचं घर ख्रिस्ती. उपासनेला आम्ही खामगावला जातो. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच, पण त्याचा कुणी कधी बाऊ केला नाही. नाताळात माझ्या करंज्या घरोघरी जातात आणि प्रकटदिनाचा प्रसाद न चुकता माझ्याकडे येतो.

शेजारच्या आजींनी मात्र मी नवी नवरी असताना मला एक प्रश्न विचारला होता. घर बघायला म्हणून आल्या, भिंती न्याहाळल्या. एक लाकडी क्रूस आणि एक कॅलेंडर, बाकी काही नाही. तुमचा देव कुठं आहे बापा, दिसत काऊन नाही, असं त्यांनी अगदी सरळ मनाने विचारलं. आमचा देव दिसत नसतो, असं काहीतरी पुटपुटून मी चहा टाकायला आत पळाले. उत्तर पाठ होतं. माझं नव्हतं.

तो प्रश्न आता पुन्हा आठवायचं कारण म्हणजे माझी आई. दोन वर्षांपासून ती माझ्याजवळ आहे आणि तिची स्मृती गेली आहे. जिने मला गुडघे टेकून प्रार्थना करायला शिकवलं, तिला आज प्रभूचं नाव आठवत नाही. माझंही आठवत नाही. रात्री दोन-तीनदा उठते, दाराची कडी काढू बघते, कुठल्या तरी घरी जायचंय म्हणते. असंच एका रात्री तिला परत अंथरुणावर आणून बसवलं आणि माझ्या मनात आलं, की आपण इतकी वर्षं ज्याला हाक मारतोय तो पलीकडे आहे तरी का? ख्रिस्ती बाईने असं चारचौघांत लिहू नये, असं आमच्या मंडळीतल्या काही जणींना नक्की वाटेल. पण मैत्रिणींनो, तुमच्याही मनात असं कधीतरी येऊन गेलंच असेल ना?

त्याच जागरणांत मी पंडिता रमाबाई पुन्हा वाचल्या. शाळेत त्यांच्यावर छोटासा धडा असतो. शारदा सदन, मुक्ती सदन, सनावळ्या पाठ केल्या की झालं. त्यांचा फोटोही सगळ्यांच्या ओळखीचा, पांढरं लुगडं, बारीक कापलेले केस, शांत डोळे. त्या फोटोकडे बघून वाटतं की या बाईला कधी शंका शिवलीच नसेल. खरं सांगायचं तर इतकी शंकेखोर बाई मी दुसरी वाचली नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या घाटात, गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं, म्हणून धर्मसभेपुढे उभं राहून त्यांना जाब द्यावा लागला होता. पुढे आश्रम चालवता चालवता होतं नव्हतं ते सरलं आणि रमा काही महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्या तान्ह्या पोरीला घाटाखाली आणलं. तिथून पुढे त्यांना घर असं राहिलंच नाही. आज हे देऊळ, उद्या तो घाट. आई भल्या पहाटे उठवून मुलीला शिकवायची. तिच्या तोंडून ऐकून ऐकून रमाला भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले. देवळात, नदीकाठी बसून पुराण वाचायचं, ऐकणारे जे समोर ठेवतील त्यावर पोट भरायचं, असा त्यांचा संसार.

या लोकांच्या भक्तीत खोट नव्हती, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. उपास, व्रतं, प्रदक्षिणा, दानधर्म, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. १८७० च्या दशकात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. तेव्हाही देव प्रसन्न होईल या आशेने त्यांनी उरलेलं किडूकमिडूक, भांडी, बरे कपडे विकून ते पैसे दानात घातले. देव आला नाही. शेवटी सगळे रानात शिरले आणि अकरा दिवस झाडपाला खाऊन राहिले. म्हातारे अनंतशास्त्री तिथेच खचले. जाण्याआधी त्यांनी या धाकट्या लेकीला जवळ घेतलं आणि तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचं काही सांगितलं. दिसत नव्हतं त्यांना. डोळे केव्हाच गेले होते.

थोड्याच दिवसांत आई गेली. प्रेत उचलायला ब्राह्मण पुढे येईनात. कसेबसे दोघे मिळाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या बाजूला रमा. ती उंचीने ठेंगणी, खांद्याला बांबू लागेना, म्हणून तिने आईची तिरडी डोक्यावर तोलून धरली. स्मशान चांगलं तीन मैल लांब होतं. माझ्या आईला उचलून बाथरूमपर्यंत नेताना माझी कंबर जाते. तेव्हा हे तीन मैल मला फार आठवतात.

मोठी बहीणही काही महिन्यांत गेली. उरली दोघं भावंडं. ती दोघं चालत राहिली. दक्षिणेपासून थेट काश्मीरपर्यंत, हजारो मैल, बहुतेक पायीच. पंजाबात झेलम नदीच्या काठी एका थंडीत पांघरायला काही नव्हतं, तर दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. रात्र अशी काढली.

याच भटकंतीत एक गोष्ट घडली, ती रमाबाईंनी स्वतः पुढे लिहून ठेवली आहे. एका तीर्थाच्या सरोवरात सात तरंगत्या टेकड्या आहेत आणि निष्पाप माणूस काठावर उभा राहिला की त्या आपोआप त्याच्याकडे येतात, अशी ख्याती होती. पुजारी बजावून सांगायचे, पाण्यात उतरू नका, मगरी आहेत. श्रीनिवास पहाटे कुणी नाही असं बघून पोहत गेला. टेकड्या कसल्या? दगडमातीचे तराफे होते, वर झाडं लावलेली आणि मागून ढकलायला माणूस. दक्षिणा ठेवली की तराफा हलायचा.

मला वाटतं, रमाबाईंच्या आयुष्यातला हा फार मोठा क्षण आहे. आईबाप उपाशी मेले तेव्हाही भावंडांची श्रद्धा ओढत ओढत का होईना चालू होती. पण देव दिसण्याचीसुद्धा सोय कुणीतरी मागून ढकलून केलेली असते, हे कळलं आणि आतलं काहीतरी तुटलं. व्रतं सुटली. कशावर विश्वास ठेवायचा ते दोघांनाही कळेना.

१८७८ साली ही दोघं कलकत्त्याला पोचली. आमच्या गावात महाराज प्रकट झाले ते याच साली, २३ फेब्रुवारीला. उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना ते प्रथम दिसले, असं इथे लहान मुलालाही ठाऊक असतं. त्याच वर्षी वीस वर्षांची रमा, जिला पत्रावळीवरची शितंही कित्येकदा मिळाली नव्हती, कलकत्त्यातल्या पंडितांसमोर संस्कृतात बोलत होती. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. देशभर नाव झालं आणि आतून ती रिकामी झालेली होती.

कलकत्त्यातच तिला कुणीतरी ख्रिस्ती लोकांच्या सभेला बोलावलं. सगळे एकदम उठले, खुर्च्यांकडे वळले आणि डोळे मिटून खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसले. समोर ना मूर्ती, ना तसबीर. रमाला वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! हे वाचताना मी मध्यरात्री एकटीच हसले. आणि मग हसू थांबलं, कारण खुर्चीसमोर कोण होतं, हाच तर माझाही प्रश्न होता.

पुढचं भराभर सांगते. १८८० मध्ये भाऊ गेला. रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मनोरमा झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्याने गेला. संसार पुरा दोन वर्षांचाही झाला नाही. पदरात दहा महिन्यांची पोर घेऊन त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांना डॉक्टर आणि शिक्षिका करा म्हणून साक्ष दिली आणि १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. तेही हुकलं, कारण कान गेले होते. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तिथे फार वाईट अंत झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज गावात रमाबाईंनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

आता इथे सगळं सुरळीत झालं असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! बाप्तिस्म्यानंतर तर त्यांचं भांडण सुरू झालं. ज्या सिस्टर जेराल्डीन यांनी त्यांना आईसारखं सांभाळलं, त्यांच्याशी पत्रांतून वाद. त्रैक्याचा सिद्धांत मला पटत नाही, पटल्याशिवाय मी मानल्याचं नाटक करणार नाही, असा सगळा सूर. क्रूसावर लॅटिन अक्षरंच का, आमच्या संस्कृतापेक्षा लॅटिन अधिक पवित्र आहे की काय, हाही वाद. मांसमच्छी खाणार नाही ते नाहीच. त्या साध्वी बायकांना ही हिंदी मुलगी हट्टी आणि गर्विष्ठ वाटली. मला मात्र तो तराफा दिसतो. एकदा फसलेलं माणूस दुसऱ्या वेळी पाण्यात उतरून बघणारच की!

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून त्या अमेरिकेला गेल्या आणि दोन-अडीच वर्षं तिथेच राहून विधवांच्या शाळेसाठी फिरल्या, बोलल्या, लिहिलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे त्याच महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या.

शाळा पुण्याला आली, मुली वाढल्या, आणि या सगळ्या कामात १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. त्यांनी ती कबूलही केली. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असं त्यांना कळून चुकलं. सगळी मतं तपासली, पुस्तकं वाचली, पण ज्याच्याबद्दल ती पुस्तकं होती त्याच्यावर आपला भार टाकलाच नाही. त्यांना तेव्हा काही दृष्टान्त झाला, प्रकाश दिसला, असलं काही नाही. त्या फक्त थकल्या आणि जशा आहोत तशा शरण गेल्या. वडिलांनी ज्याच्या हाती दिलं होतं तो हात हाच, असं त्यांना वाटलं. बस्स, एवढंच. अनेक चरित्रकार हा प्रसंग अगदी रंगवून सांगतात. मला त्यात भावतो तो त्याचा साधेपणा.

आणि त्यानंतर सुख आलं का? दोनच वर्षांत, १८९३ मध्ये, मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून पुण्यात गदारोळ उठला. रानडे, भांडारकर यांच्यासारखी भली माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांच्या बाजूनेही बोलायला हवं. तुमची विधवा लेक शाळेत ठेवावी आणि ती दुसऱ्या धर्माची होऊन यावी, हे कुठल्या घराला चालेल? रमाबाई दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि ज्या मुलींना यायचं त्या येत. त्यांच्या मते यात लपवाछपवी नव्हती. हा वाद आजही मिटलेला नाही आणि मी ख्रिस्ती असले तरी मला त्यातल्या दोन्ही बाजू दिसतात.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. शारदा सदनाची सोय साठ-पासष्ट जणींची. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत करायचं वचन दिलं होतं, त्याची मुदतही १८९८ मध्ये संपायची होती. हिशेबाने बघितलं तर घरात बसणं शहाणपणाचं. पण अन्नछत्रांतून, रस्त्याच्या कडेला बसलेल्या त्या हाडाच्या सापळ्यांत रमाबाईंना आपण स्वतःच दिसलो असणार. त्या गेल्या आणि मुली आणू लागल्या. एवढ्यात पुण्यात प्लेग आला. शहरात आणखी मुली ठेवायला मनाई झाली. मग पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला, जिथे त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती, तिथे उघड्यावर तंबू आणि झोपड्या ठोकल्या. एका वर्षात तीनशेच्या आसपास मुली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या आणि मुक्ती सदनाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

बायांनो, दोन हजार! आपल्याकडे लग्नाला दोनशे पानं जास्तीची झाली तर आपला जीव वरखाली होतो. इथे रोजची दोन वेळची भाकरी. मदत येई, पण कधी, किती, याचा नेम नसे. विहिरी खणल्या, शेती केली, मळा लावला, हातमाग घातले, छापखाना काढला, तोही मुली चालवत. आंधळ्या बायांसाठी ब्रेल शिकवलं. रमाबाईंच्या विश्वासाबद्दल लोक बोलतात तेव्हा तासन्‌तास चालणाऱ्या प्रार्थनांबद्दल बोलतात, १९०५ मध्ये मुक्तीत शेकडो मुली रडत पश्चात्ताप करू लागल्या त्या जागृतीबद्दल बोलतात. माझं मन तिथे फारसं रमत नाही. मला दिसतं ते असं, की उद्याचं धान्य घरात नसताना आज आलेल्या पोरीला या बाईने दारातून परत पाठवलं नाही. ज्या रानात ती अकरा दिवस झाडपाला खात होती, तिथे कुणी आलं नव्हतं. का आलं नव्हतं, याचं उत्तर तिला मिळालं असं मला कुठेही वाचायला मिळालं नाही. तिने फक्त दुसऱ्यांच्या रानात जायचं ठरवलं.

उत्तरवयात त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं. बायबलचं मराठी भाषांतर, आणि तेही थेट हिब्रू आणि ग्रीकमधून. त्यासाठी या भाषा शिकल्या. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळावी अशी भाषा त्यांना हवी होती. ते भाषांतर मंडळ्यांमध्ये फारसं रुळलं नाही, हे खरं. पण बहिऱ्या झालेल्या कानांनी, पहाटेपासून कोशांवर वाकलेली ती म्हातारी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मनोरमा आईच्या हाताखाली तयार झाली होती. मुक्तीचं पुढे काय, याचं उत्तर म्हणजे मनोरमा, असं सगळेच धरून चालले होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेत ती गेली. चाळिशीत. ज्या पोरीला पदराखाली घेऊन समुद्र ओलांडला होता, ती. याही वेळी देव दिसला नाही, बोलला नाही. रमाबाई पुन्हा भाषांतराच्या कागदांवर बसल्या. आठ-नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला, त्या गेल्या. काम जवळपास हातावेगळं झालं होतं. संपूर्ण ग्रंथ मात्र त्यांच्यामागे वाचकांच्या हाती आला.

हे सगळं वाचून माझी शंका पळाली का? नाही. रात्री अजूनही तो प्रश्न येतो. फरक पडलाय तो एवढाच, की तो आला म्हणून मी आता घाबरत नाही. त्याला बसू देते आणि आईचं अंथरूण बदलते.

शेजारच्या आजी आता नव्वदीला टेकल्या आहेत. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसरा राहिला. मागच्या गुरुवारी नातवाच्या हाताला धरून तीन तास रांगेत उभ्या राहिल्या. संध्याकाळी आमच्याकडे आल्या तेव्हा मी विचारलं, झालं का दर्शन? म्हणाल्या की समाधीपुढे पोचेपर्यंत मागून लोटालोटी झाली, डोळ्यांना अंधुकच दिसतं, त्यात दिसलं तर काहीच नाही. मग पुढच्या गुरुवारी जाऊ नका, घरूनच हात जोडा, असं मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी वेडगळच बोलले.

आई तेव्हा समोर बसली होती. मी तिच्यापुढे पिठल्याची ताटली ठेवली. तिने नेहमीसारखे आधी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. ओठ हलले, शब्द आले नाहीत. आजी ते बघत होत्या. त्यांनीही हात जोडले, आणि आई डोळे उघडेपर्यंत थांबल्या. मग मला म्हणाल्या, की पिठलं निवतंय, भरव तिला लवकर.